मागच्या दाराचं कुलूप

मंगळवार, संध्याकाळ

आज दादाचा दहावा झाला. टॉवेल कारखान्याच्या आगीत तो गेला तेव्हा दारात चॅनेलवाल्यांची गर्दी होती. आज एकही नाही, त्यांना निवडणूक मिळाली. कारखान्याच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, ते आता फक्त माझ्या फेसबुकवरच्या फोटोत उरलंय.

मालकाचा माणूस दादाच्या तसबिरीला हार घालून बसला. “काढून टाका की ती पोस्ट. आता कोण बघतंय?”

मी हातातला फोन खिशात घातला.

आतून वहिनी म्हणाली, “कोण बघत न्हाय, मग तुमाला कशाला काढायला पायजे?”

तो उठला, पण त्याची गाडी अजून समोरच उभी आहे. घाबरलोय का मी? हो. दाराला आतून लावायला कुलूप हातात घेतलं, पण लावता येईना. नुसती कडी घातली.

पोस्ट राहू दे.