घरावरच्या वाढीव कर्जाला नकार

उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांची रोलिंग मिल घेणाऱ्या मित्रासोबत, गौतमसोबत, भागीदारी करायची, म्हणून नरेंद्रनं घरावर वाढीव कर्ज काढायचं ठरवलं होतं. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, म्हणून शर्मिष्ठाची सही लागत होती. तो आंघोळीला गेल्यावर तिनं चिठ्ठी लिहून फ्रिजला लावली.

"अहो, मी ऑफिसले चालली. बोलायले गेलं की तुम्ही आवाज चढवता, म्हणून लिहून राहिली. काल बँकेतल्या दीदीले विचारलं. हे कर्ज धंद्यात टाकलं तर घरकर्जाच्या व्याजावरची टॅक्सची सूट त्याले भेटत नाही, अन् हप्ता मात्र वाढते. मिल बुडाली तर घर जाईन. मी सही करत नाही. घराचा टॅक्स मी भरला, त्याची काळजी नको. भाजी गरम करून घ्या. गौतमभाऊले आधीच 'हव, देतो पैसे' म्हणून बसले असाल, तर माझं नाव सांगा."

चिठ्ठी वाचून नरेंद्र ओल्या केसांनी तसाच उभा राहिला. आधी राग आला, मग हायसं वाटलं; वाढीव कर्जाची धास्ती मनातून त्यालाही होतीच. त्यानं गौतमला फोन लावला.

"नाही जमत रे."

"काहून? वहिनी नाही म्हणते का?"

नरेंद्रनं फ्रिजवरची चिठ्ठी काढून खिशात ठेवली. "नाही. मीच नाही म्हणून राहिलो."