क्रेटलिंग चर्चच्या उत्तरेकडची जागा

मी, हेस्टर मॉड पॅलिस्टर, वय ब्याऐंशी, अविवाहित, राहणार चर्च लेन, क्रेटलिंग, परगणा सफोक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दडपण कोणाचेही नाही. आमचे पाद्री रेव्हरंड गॅव्हिन सारखे लिंबाचा केक आणून देतात, त्याचेही नाही. आधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे घर, परसातल्या सफरचंदाच्या झाडांसह, लेन कॅचपोल याला मिळावे. लेन गावच्या कबरी खणतो, त्याचे वडीलही खणत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

२. बँकेतली शिल्लक चर्चच्या मनोऱ्याच्या गळक्या छपरासाठी, आणि फक्त त्यासाठीच, वापरावी. चर्चच्या समितीला हव्या असलेल्या नव्या गालिच्याला एक पेनीही नाही. खाली पिढ्यान्‌पिढ्या झिजलेल्या फरशा, त्यांवर गावच्या मेलेल्यांची नावे, आणि वर दातांच्या दवाखान्यात शोभेल असले जांभळे अंथरूण! बघून शिसारी येते.

आमच्या चर्चने पुष्कळ सोसले आहे. नॉर्मनांनी गारगोट्यांचा मनोरा उभारला, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर सिंह कोरले. कोरणाऱ्याने सिंह कधी पाहिला नसावा, कारण ते कान पाडलेल्या कुत्र्यांसारखे दिसतात. पुढे चित्रे-मूर्ती न मानणाऱ्या धर्मसुधारकांनी भिंतीवरच्या संत ख्रिस्तोफरच्या चित्राला चुना फासला. यादवीतल्या शिपायांनी छतातल्या लाकडी देवदूतांची नाके उडवली. माझ्या पणजीच्या काळातल्या पाद्रीबाबांनी जुने बाक फोडून जाळले. पण त्या सगळ्यांना निदान कशाचा तरी राग होता. आताच्या समितीला राग नाही आणि श्रद्धाही नाही, तिला चर्चमध्ये फक्त कॉफीपानाची सोय हवी. त्या कुंडाच्या काठावर मी साखरेची भांडी मांडलेली पाहिली.

३. चर्चचे पितळ मी जन्मभर घासले. ती फडकी व पॉलिशचे डबे समितीच्या अध्यक्षा फिलिपा आन्स्टी यांना द्यावेत. वापरायचे कसे ते डब्यावर छापलेले आहे.

४. माझ्या देहाविषयी. माझा थोरला भाऊ ऑल्विन याने एकोणिसाव्या वर्षी गिरणीच्या तळ्यात जीव दिला. तेव्हाचे पाद्रीबाबा आमच्या उंबऱ्याच्या आतही आले नाहीत. आईला बाहेरूनच म्हणाले, "बाई, आपणहून गेलेल्यासाठी घंटा वाजत नसते. आणि दक्षिणेला जागा मागू नका."

चर्चची उत्तर बाजू सावलीची, म्हणून सैतानाची. पूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी उत्तरेचे दार उघडत, पोराच्या अंगातला सैतान तिथून निघून जावा म्हणून. पुढे ते विटांनी बुजवले. त्याच दारासमोर लेनच्या वडिलांनी ऑल्विनला पुरले. प्रार्थना नाही, घंटा नाही, दगड नाही. आईने गुपचूप, ऐन थंडीत उमलणाऱ्या पांढऱ्या हिमफुलांचे कंद लावले. वडील मरेपर्यंत त्या बाजूला फिरकले नाहीत, आणि हे मी त्यांना माफ केलेले नाही.

आता समितीला ते दार फोडून तिथे शौचालय बांधायचे आहे. मी सभेत उठून सांगितले, "तिथे माझा भाऊ आहे."

"अहो हेस्टर, साधा दगड तरी आहे का तिकडे?" फिलिपाबाई म्हणाल्या. "नुसतं गवत तर आहे!"

रेव्हरंड गॅव्हिननी माझ्या हातावर थोपटले. "आपण ऑल्विनच्या नावाची छानशी पाटी लावू की तिथे. चालेल ना, हेस्टर?"

शौचालयावर! घरी येऊन मी तो हात साबणाने धुतला, तरी किळस गेली नाही.

मग मी बिशपच्या कोर्टात अर्ज केला, की त्या दारासमोर, ऑल्विनला लागून, माझ्या कबरीसाठी जागा राखून मिळावी. नियमाप्रमाणे हरकती मागवणारी नोटीस चर्चच्या देवडीत लावली, फुले सजवण्याच्या पाळ्यांच्या यादीशेजारी, अगदी डोळ्यांसमोर. आमच्याकडे देवडीत थांबून लोक एवढेच बघतात, की या रविवारी फुलांची पाळी आपली नाही ना. मुदत संपली, हरकत एकही आली नाही आणि कोर्टाने जागा माझ्या नावे केली. हुकूम लेनपाशी आहे.

"पॅलिस्टरबाई, तुम्ही तिथे असल्यावर त्यांना पाया खणायला जागाच उरत नाही," लेन म्हणाला.

"म्हणून तर," मी म्हणाले.

मला तिथेच पुरावे. दगड दोघांचा मिळून एकच असावा, त्यावर ऑल्विनचे नाव आधी. आणि घंटा वाजवावी. माझ्यासाठी थोडी कमी वाजली तरी चालेल, पण त्याच्यासाठी पूर्ण वाजवावी.

५. दक्षिणेला, यू वृक्षाखाली, आईवडिलांशेजारी माझ्यासाठी ठेवलेली जागा मी सोडत आहे. आईची तेवढी क्षमा मागते. फिलिपाबाईंनी ती हवी तर मागून घ्यावी. ऊन चांगले येते.

६. साक्षीला मी रेव्हरंड गॅव्हिन आणि फिलिपाबाई यांनाच चहाला बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही, आणि हे दोघे वाचणारही नाहीत. वाचायची सवय असती तर देवडीतच वाचले असते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, तेव्हा फिलिपाबाईंची फडकी सहीबरोबरच बाद होतील, होऊ देत.

(सही) हेस्टर मॉड पॅलिस्टर

माझ्या समक्ष व एकमेकांसमक्ष साक्ष केली:
(सही) रेव्ह. गॅव्हिन ट्रेसिडर
(सही) फिलिपा आन्स्टी

ठिकाण: क्रेटलिंग
तारीख: २ फेब्रुवारी २०२४. उत्तरेला हिमफुले आली आहेत.