साहेब येतात त्या दिवशी

५ ऑगस्ट १९८३

ती. घनश्यामदादास,
साष्टांग नमस्कार.

तू विचारलंस, "माही रुखमिणी येडी हाय का?" दादा, याचं उत्तर मला देता येत नाही. घरात बी.ए. झालेली, गावच्या शाळेत शिकवणारी मी एकटी, म्हणून मलाच विचारलंस. पण हे मला कुणी शिकवलंच नाही.

आईचा खोकला कमी आहे. धानाचा रोवणा अर्ध्यावर आला. वहिनी उजाडताच लावणीला बांधीत जाते. तुमसरला तुझी मिल नीट चालू असेल.

मला दिसतं ते सांगते. मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ एकदा पाहिला की रुखमिणीला सगळी गाणी पाठ होतात. मी म्हणताना चुकले तर हसते. पण पाटी हातात दिली की 'क' ओळखत नाही. आठ वर्षांची पोर, भीतीने परकर ओला करते. बुद्धी कमी आहे की दुसरंच काही, हे तपासणारं माणूस साऱ्या तालुक्यात नाही. मी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं, तुमच्या शाळेत असं मूल असल्याची नोंद नाही.

नोंद होणार कशी? साहेब तपासणीला येणार म्हटलं की कच्ची मुलं घरी ठेवायची, ही आपली जुनी रीत. आमचे मुख्याध्यापक श्यामराव गुरुजी हसत म्हणाले, "बाई, भाचीले उद्या बकऱ्यामागं धाडा. सायेब येऊन राहिले."

मी तिला पहिल्या ओळीत बसवलं. वाटलं, एकदा डोळ्यांनी पाहतील तर काही करतील.

साहेबांनी पुस्तक पुढे केलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्याखालची टाटपट्टी भिजली आणि वर्ग हसला. "हिला शाळेत कशाला कोंबलं?" साहेब मला म्हणाले. तिला तपासणारं कुणी पाठवाल का, असं मी विचारलं. म्हणाले, "नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात असतो एक डॉक्टर. गावोगावी कोण फिरणार?"

गुरुजी पटावरून तिचं नाव कमी करणार आहेत.

वहिनी म्हणाली, "बरं झालं. रोवणा सरला का मामाच्या घरी धाडतो. ढोरं तरी राखन." मी नागपूरचं काढलं तशी रडायलाच लागली. "लोक येडी म्हनतेत ते पुरे नाही का? डाक्टरच्या हातानं कायले लिहून आनता? मंग लगन कोन करन तिच्याशी?"

डॉक्टरकडे नेऊ नकोस, असं तूही पत्रात बजावलं आहेस. तुमची भीती खोटी नाही. डॉक्टर नको तेच म्हणाले तर मी काय करणार, ठाऊक नाही. पण एकदा शाळा सुटली की तिच्याकडे कोण बघणार आहे?

काल तिनेच विचारलं, "आत्या, माह्या डोक्यात काय हाय?"

दादा, आम्ही नागपूरला आहोत. आईला सांगून पहिल्या गाडीने निघाले. वहिनीला संध्याकाळी कळेल. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. आत्ताच तिला आत नेलं. मला बाहेर थांबवलं. तिने मागे वळून पाहिलं.

दवाखान्याच्या कागदावर पालक म्हणून तुझं नाव घातलं नाही. माझं घातलं, सही केली. जे लिहून येईल ते माझ्या नावावर येईल.

रागावलास तरी तुझीच,
कुंता