आधी होडी कोण सोडणार

३ एप्रिल, गुरुवार

पन्नासावा डाव झाला. उजव्या खुर्चीने पंचवीस जिंकले, डावीने पंचवीस. तंतोतंत! इतका तोललेला खेळ काओरूलाही कधी जमला नसता. — हे वाक्य खोडणार होते. राहू दे. इथे कोण वाचतंय!

दोन खुर्च्या समोरासमोर. उजवीकडे बसून चाल करायची, उठायचं, टेबलाला वळसा घालून डावीकडे बसायचं, मघाशी पाहिलेले पत्ते विसरायचे आणि पुन्हा चाल करायची. दिवसाला तीन डाव झाले की गुडघे कुरकुरतात. चार महिने हेच चाललंय. आज खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठलं. "पाहुणे आलेत का हो? सारख्या खुर्च्या सरकतात." मी म्हटलं, "हो, आलेत."

४ एप्रिल

नियमांचं पत्रक छापायला गेलं. खेळाचं नाव 'दोन काठ'. दोन खेळाडू, मधे नदी, होडी एकच. आपली पाळी आली की पत्ते दाखवून होडी सोडायची, नाहीतर 'थांबते' म्हणायचं आणि पत्ते झाकून ठेवायचे. बस, एवढंच. माझा स्वतःचा पहिला खेळ. आजवरचे सगळे माझ्या भागीदारणीने, काओरूने, रचलेले. मी खोकी, छपाई, नियम आणि खेळांच्या मेळ्यातलं विक्रीचं टेबल सांभाळायचे. अकरा वर्षं, नऊ खेळ, माणसं दोनच.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर, छापण्याआधी ज्यांनी खेळून पाहिलं त्यांची नावं द्यायची असतात. पूर्वी पंधरा-पंधरा असायची. काओरू कुठून कुठून माणसं पकडून आणायची, एकदा तर गॅसचं मीटर बघायला आलेल्याला बसवलं होतं. या वेळी मी लिहिलं, "ओ. मिशिना आणि इतर".

इतर म्हणजे माझा डावा हात.

११ एप्रिल, शुक्रवार

खोक्यांचा नमुना बघायला सुगिउरांकडे गेले. शहात्तर वर्षांचे आहेत, अजून स्वतः डिंक कालवतात. मला बघून आधी माझ्या मागे बघितलं.

"एकट्याच? त्या दुसऱ्या कुठायत, हसऱ्या?"

हसऱ्या! मग मी कोण? रडकी?

"टोकियोत नोकरी लागली तिला. मोठ्या कंपनीत."

"भांडलात."

"छे हो."

"भांडलातच. चाळीस वर्षं बायकोशी भांडलोय मी, मला तोंड बघून कळतं. कोणी बोलायचं राहिलंय? तुम्ही की त्या?"

मी खोक्याचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. झाकण छान बसतं. तसं सांगितलं आणि निघाले.

तिनेच बोलायचं राहिलंय! गेल्या शरदातला मेळा संपला तेव्हा टोकियोच्या त्या कंपनीच्या लोकांनी तिला जेवायला बोलावलं. तिला एकटीला. उरलेल्या मालाची सात मोठी खोकी आवरायची होती, घरी परत पाठवायची होती, कुरियरची रांग दारापर्यंत गेलेली. मी म्हटलं, "आणि हे सगळं?" ती कोट चढवत म्हणाली, "तू आहेस की!" आणि गेली. दोन तास रांगेत उभी होते मी, सात खोकी पायाने पुढे ढकलत. महिन्याभरात ती त्यांच्याकडे नोकरीला लागली. मी फोन केला नाही. तिनेही केला नाही. तिकडे बसून तीही हट्टाने वाट बघत असणार, मी ओळखते तिला. बघू दे!

२९ एप्रिल

तीनशे खोकी भरायची. पत्त्यांचे गठ्ठे घरभर जमिनीवर मांडले आणि त्यांच्यामधून फिरत एकेक उचलत गेले. दोघी असलो की एक उचलायची, एक मोजायची. चुकून जास्त भरला तर ती ओरडायची, "चोर! चोर!" आज कोणी ओरडलं नाही. एका खोक्यात दोन होड्या गेल्या असाव्यात असा संशय आहे. कुठल्या, देव जाणे.

भाताचं विजेचं भांडं भात शिजला की गाणं वाजवतं. मी "हो हो, आले" म्हणते. मोठ्याने म्हणते, हे आज लक्षात आलं.

८ मे

एकशे सव्वीस जणांनी आगाऊ नावं नोंदवली!! भाताच्या भांड्याला सांगितलं.

१७ मे, शनिवार — परतीच्या गाडीत

गाडी हलतेय, अक्षर कसं येतंय कोण जाणे.

सकाळ चांगली गेली. शेजारच्या टेबलावर इनुकाई मास्तर, शाळेत गणित शिकवतात, मासेबाजाराचा फाशांचा खेळ घेऊन आले होते. मिठाईचा पुडा दिला, त्यांनीही दिला. नाव नोंदवलेले सगळे अकराच्या आत येऊन खोकी घेऊन गेले. मी पाणी प्यायलेच नाही. एकटं असलं की टेबल सोडून कुठे जाता येत नाही.

दुपारी एक जोडपं नमुन्याच्या पटासमोर बसलं. नवीन लग्न झालेलं असावं, एकमेकांना चिमटे काढत होते. तो म्हणाला, "थांबतो." ती म्हणाली, "थांबते." तो, "थांबतो." ती, "थांबते." मी हसत उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"सोड ना गं होडी!"

"मी का? आधी सोडेल त्याचे पत्ते दिसतात. तू सोड."

"मग मी तरी का सोडू? मला काय वेड लागलंय?"

लोक जमले. कोणीतरी हसलं. वीस मिनिटं झाली तरी होडी आपली काठाला! इनुकाई मास्तर हळूच माझ्याजवळ आले, म्हणाले, "मिशिना-सान, रागावू नका. पण हा खेळ संपणार कसा?"

मी पत्रक उघडून नियम पुन्हा वाचले.  

मास्तरांनी पुढची जोडी बसवली, मग आणखी एक. सगळ्यांचं तेच. मी टेबलावर कापड टाकलं आणि पाटीच्या मागे लिहिलं — 'खेळात दोष आहे. विक्री बंद. क्षमस्व.' वाकून वाकून माफी मागितली. एकजण म्हणाला, "अहो, तुम्ही हा कोणाबरोबर तरी खेळून बघितला होता ना?" साधं विचारलं त्याने. टोमणा नव्हता.

मास्तरांना टेबलावर नजर ठेवायला सांगून त्या मोठ्या कंपनीच्या दालनाकडे गेले. काय करणार होते कोण जाणे. तिला बघायचं होतं, एवढंच. काओरू तिथे नव्हती. दोनदा फेरी मारली. माझं टेबल कुठे आहे ते यादीत बघितलं असणार आणि मुद्दाम आली नसणार. तोंड चुकवलं!

मग कुरियरची रांग. या वेळी चारच खोकी.

१८ मे

दिवसभर अंथरुणात.

१९ मे, सोमवार

कारण कळलं. इतकं सोपं की लाज वाटते.

डाव्या खुर्चीवर मीच जाऊन बसायचे. डावी होडी सोडणार हे मला ठाऊक असायचं, कारण थांबून थांबून मलाच कंटाळा यायचा. कोणीतरी सोडायलाच हवी, नाहीतर जेवायला उशीर! पन्नास डावांत एकदाही दोन्ही बाजू खऱ्या अडून बसल्या नाहीत. समोर दुसरं माणूस असतं तर पहिल्या डावातच कळलं असतं. त्या मीटरवाल्याला बसवलं असतं तरी कळलं असतं.

टपाल यायला लागलंय. इथल्याच, आमच्या तोयोहाशी गावातल्या एका गृहस्थांचं पत्र: "आम्ही नवरा-बायको दीड तास थांबलो. शेवटी बायको भाजी चिरायला उठली. खेळ सदोष आहे की आमचा संसार, कृपया कळवावे." मी हसले, आणि मग बराच वेळ रडले. एकटीने खेळ काढायचा हट्ट केला आणि अशी तोंडघशी पडले.

२४ मे, शनिवार

खेळ पिशवीत टाकला आणि सुगिउरांकडे गेले. जिवावर आलं होतं. कोणाला "माझ्याशी खेळता का" म्हणणं सातवीत सुटलं ते सुटलंच. म्हातारा डिंक ढवळत होता.

"पाऊण तास आहे माझ्याकडे. मग हा घट्ट होतो."

बसलो. अर्थात अडलो.

"मी नाही सोडणार," म्हणाले. "मला काय घाई? संध्याकाळपर्यंत बसतो. बायको वारली तेव्हाही आमचा अबोला चालू होता, माहितीये? नऊ दिवसांचा. दवाखान्यातही मी म्हटलं, आधी तिने बोलावं." आणि हातातले पत्ते सारखे करत म्हणाले, "मला काहीतरी द्या की सोडण्याबद्दल. फुकट कोण हरायला तयार होईल?"

तिथल्या तिथे नियम केला. आधी होडी सोडेल त्याला दोन पत्ते जास्त. त्यांनी लगेच सोडली! पुढच्या डावात मी सोडली. तिसऱ्यात दोघंही एकदम धावलो. दोन डाव ते जिंकले, एक मी. डिंक घट्ट झाला आणि म्हातारा कामगारांसमोर मला शिव्या घालत राहिला, "या बाईने माझा दिवस खाल्ला!" — खुशीत होता.

किती महिन्यांनी कोणाकडून तरी हरले. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

२ जून, सोमवार

दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून आल्या. एकशे सव्वीस लिफाफे, प्रत्येकात चिठ्ठी आणि दोन जादा पत्ते. नुसती छापील चिठ्ठी कोरडी वाटली, म्हणून खाली हाताने एक ओळ लिहिते आहे — "आता आधी सोडणाऱ्याचं नुकसान होत नाही. निर्धास्त सोडा." शंभरेक वेळा लिहिली असेल तेव्हा पेन थांबलं. दुसऱ्यांना सांगतेय!

सुगिउरांची बायको डोक्यातून जात नाही.

शरदातल्या मेळ्याचा अर्ज पंधरा तारखेपर्यंत भरायचा आहे. एकटीने पुन्हा नाही, ते माझ्याच्याने होणार नाही, हे कबूल. काओरूला फोन करायचा. मी आधी. राग सोडला म्हणायचं आणि विचारायचं, परत येतेस का? आली तर अर्ज भरायचा. नाही आली तर दुकान बंद.

५ जून

त्या नवरा-बायकोचं उत्तर आलं. "सलग सहा डाव! भाजी करपली." काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलंय. फोन उद्या.

६ जून

नाही केला.

९ जून, सोमवार

सकाळी केला. "कोण बोलतंय?" म्हणाली. माझा नंबरच नव्हता तिच्याकडे, फोन बदलला त्यात गेला म्हणे. नाव सांगितलं तर "अगं ओरिए! कशी आहेस तू?" — भरभरून, खोटं काही नाही. मी कागदावरचं वाचलं. त्या दिवशीचं भांडण तू मनात ठेवू नकोस, मीही ठेवलेलं नाही. "भांडण? कुठलं भांडण गं?" सात खोकी, रांग, कोट, सगळं सांगितलं. तिला आठवेना. ती कंपनी तिने जानेवारीतच सोडली. आता पाळणाघरात काम करते. मेळा होऊन गेला हेही तिला ठाऊक नव्हतं. "आणि तू अजून खेळ काढतेस? कमाल आहे बाई तुझी!" म्हणाली आणि खळखळून हसली. मग मीही हसले. तिकडे कुठलंतरी मूल रडायला लागलं, तिला जावं लागलं. परत येतेस का, ते विचारलंच नाही. इतके महिने समोरच्या खुर्चीवरही मीच बसले होते; अर्जाला अजून सहा दिवस आहेत.