लाल दाते पुन्हा भेटेपर्यंत

मी, धाऊ गोजर निचिते, वय ६७, भातसानगरच्या धरण वर्कशॉपमधून निवृत्त फिटर, राहणार आटगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. दुःखाचे विचाराल तर हल्ली काही जाणवत नाही.

१. राहते घर आणि बँकेत असेल ते पत्नी अनिताचे. तिच्यामागे घर अर्धे मुलगी मनस्वीचे, अर्धे मुलगा संदेशचे. संदेश १४ ऑगस्ट २०१८ रोजी "जरा जाऊन येतो" म्हणून गेला, तो अजून आलेला नाही. कोणत्याही कागदावर त्याला मयत लिहू नये.

२. भिंतीवरची दोन सागवानी चक्रे मनस्वीला. २०१२ साली, संदेश अकरावीत असताना, माया लोकांचे कॅलेंडर संपते म्हणून जग बुडणार अशी आवई उठली. माझा धाकटा भाऊ नथू याने तर घाईघाईने बोकड कापून खाल्ला. संदेश हसला. "बाबा, संपत नाय वो, फिरून चालू होतं." मग आम्ही बापलेकांनी कानशीने दाते पाडले. लहान चक्राला २६०, तो त्यांचा पूजाविधींचा फेरा. मोठ्याला ३६५, तो वर्षाचा: वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर उरलेले पाच अशुभ दिवस. त्या पाचांत ते लोक शक्यतो घराबाहेर पडत नसत. रोज एक दाता पुढे सरकवायचा. आज भेटलेले दोन दाते पुन्हा भेटतात बावन्न वर्षांनी. संदेश गेला त्या दिवशीचे दोन दाते मी लाल रंगवले आहेत. अनिता म्हणते, आपले ते पाच दिवस अजून सरले नाहीत.

३. संदेशचा हिस्सा ते लाल दाते पुन्हा भेटेपर्यंत, म्हणजे २०७० च्या पावसाळ्यापर्यंत, कोणी विकू नये. वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले, "काका, तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा असेल. आणि हे कायद्यात बसणं कठीण आहे." असू दे. लिहा म्हटले.

४. माझी हत्यारे नथूचा मुलगा ओमकार याला, पोरगा हाताचा चांगला आहे. नथूला काही नाही. संदेशला जाऊन सात वर्षे झाली तसा तो मागे लागला. "दादा, दर्भाचा पुतळा करून अग्नी दे. माझ्या पोरीचं लगीन त्यापायी अडलंय." मी नाही म्हणालो, तर पितृपक्षात त्याने नाक्यावर फ्लेक्स लावला, संदेशच्या फोटोला हार घालून. मी तो उतरवला. नथूने उचलून पेंढ्याच्या उडवीवर टाकला, अजून तिथेच आहे. तो अनिताला परत द्यावा. त्या फोटोत संदेश हसतोय, आमच्याकडे तसा दुसरा नाही.

५. माझा दहावा नथूनेच करावा, भाऊ आहे. कावळा पिंडाला शिवला नाही, तर लोक सांगतील, "संदेशचं करतो म्हणा, लगेच शिवेल." कोणीही तसे म्हणू नये. पिंड तिथेच ठेवावा, घरी जावे आणि जेवून घ्यावे.

धाऊ निचिते यांनी हे आम्हांला वाचून दाखवले व आमच्यादेखत सही केली; आम्हीही त्यांच्यादेखत केली.

साक्षीदार:
१. सुनिल रामू भेरे (सही)
२. संजीवनी शाम सासे (सही)

लिहून देणार: धाऊ गोजर निचिते (सही)
ठिकाण: शहापूर
दिनांक: १२ जानेवारी २०२६