उजवीकडच्या खुणा

अण्णा, परवा कॉलेजातली जुनी रजिस्टरं रद्दीत काढणार म्हणून मला बोलावलं होतं. सगळं आता संगणकात आहे म्हणतात, तरी कोणत्या कपाटात काय हे विचारायला निवृत्त झालेली बाईच लागते. दमले हो मी या कपाटांना. तीस वर्षं त्यांच्याशेजारी बसले, पण एक रजिस्टर कधी उघडलं नव्हतं. ते परवा उघडलं.

बाहत्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. परभणीच्या त्या कॉलेजात तुम्ही परीक्षा विभागाचे हेडक्लार्क आणि मी तुमच्याच हाताखाली हंगामी कारकून. नक्कल करताना सापडलेल्यांचे नंबर पर्यवेक्षकांच्या चिठ्ठ्यांवरून घेऊन रजिस्टरात त्यांच्या नावांपुढे शेरा मारायचा आणि विद्यापीठाला कळवायचं, हे आपलं काम. मग ताळा दोनदा. एकदा वरून खाली, डावीकडे पेन्सिलीची खूण. मग खालून वर, उजवीकडे खूण. "वरून वाचताना डोळा पळतो, खालून वाचताना त्याला चालावं लागतं," म्हणायचात. मला ते चालणं नको झालं होतं. मे महिना, डोक्यावर पत्रे, मानेवरून घाम. एकदाच वाचलं आणि "दोनदा झालं" म्हणून पान तुमच्यापुढे सरकवलं. हंगामी माणसाला सहीचा अधिकार नव्हता. तुम्ही पान न बघताच सही केलीत. वाचणारी तुमची लेक होती.

निकाल लागल्यावर बोरीचा एक माणूस लेकीला घेऊन दारात उभा राहतो. "जय भीम सायेब. पोरीचा निकाल ठिवून घेतलाय. नक्कल केली म्हनायलेत. आमच्या वस्तीतली पयली पोर हाय ही कालेजात. तसलं करायची न्हाई ती." मुलगी पदराचं टोक पिळत राहते. तुम्ही चिठ्ठी काढता, रजिस्टर काढता, फूटपट्टी लावता. माझी ओळ एकाने घसरलेली असते. शेरा वरच्या मुलाच्या नावापुढे हवा होता.

प्राचार्य म्हणाले, आता उकरून कॉलेजची अब्रू कशाला घालवता, पुढच्या वर्षी बसेल ती. तुम्ही म्हणालात, "सायेब, चूक आपली आन् वरीस तिचं जायलंय."

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तुम्ही पाटावर बसून विचारलंत, "खालून वर वाचलं होतंस ना?" मी ताटात बघत हो म्हणाले. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाला पत्र लिहिलंत आणि टाइप करायला माझ्याचकडे दिलंत. त्यात तुमच्या नावाने होतं, "ताळा दोन्ही वेळा मी स्वतः केला, चूक माझी आहे." मी ते टाइप केलं. मुलीचा निकाल सुटला, तिला बी.एड.ला प्रवेश मिळाला. तुमच्या सेवापुस्तकात ठपका आला आणि अधीक्षकाची खुर्ची तुमच्या हाताखालच्या माणसाला गेली. आई चिडली, "लय हरिश्चंद्र लागून गेलात!" तुम्ही नुसते हसलात. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून फसलात, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

परवा ते पान उघडलं. डावीकडे माझ्या घाईच्या, पुसट खुणा. उजवी बाजू कोरी असायला हवी होती. पण तिथे शेवटच्या ओळीपासून पहिलीपर्यंत खुणा आहेत, कागद दबेल इतक्या जोराने केलेल्या. तशा फक्त तुम्ही करायचात. म्हणजे कोरी बाजू तुम्ही पाहिली होती, आणि तरी ताटावर मला विचारलं होतंत. चौकशी झाली तर लेकीची नोकरी जाईल म्हणून मग ती स्वतः भरलीत. एखाद्या कारकुनाने खाडाखोड केली तर त्याच्याशी आठवडाभर न बोलणारे तुम्ही. जन्मात एकच खोटी नोंद केलीत, ती माझ्यासाठी. मला रडू नाही आलं अण्णा, लाज वाटली.

शिपायाने विचारलं, "बाई, हे बी रद्दीत टाकू का?" मी ते पिशवीत घातलं आणि घरी आले. कॉलेजची वस्तू न विचारता पहिल्यांदाच उचलली. हे पत्र त्याच पानात ठेवते आहे.

खालून वर वाचलं नव्हतं मी, अण्णा.