घशाचं मशीन

४ नोव्हेंबर

आज परत पिशवी भरून आणली. घोडबंदरच्या ऑफिसातले लोक म्हणजे! मी पँट्रीत चहा टाकत असते, तेवढ्यात कोणीतरी मागून येतं — "दक्षताताई, हे चार्जच होत नाहीये, काकांना दाखवा ना." लाखोंचे पगार, आणि पॉवर बँक एक धड नाही कोणाची. मी आपली पोस्टमन. ठाण्यातून विठ्ठलवाडीला न्यायचं, दुरुस्त झालं की परत आणायचं.

हे दिवसभर खिडकीजवळच्या टेबलाशी. मान खाली, गळ्याला रुमाल. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली, जीव ठेवला. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता येईना म्हणून शहाडचं दुकान सोडलं आणि काम घरी आलं. मला काही सांगायचं असेल तर मोबाईलवर टाइप करून दाखवतात. माझा चष्मा हाताशी नसला की चिडतात. मग मीही चिडते.

६ नोव्हेंबर

मशीनचा विषय काढला. दाढीच्या मशीनएवढं आहे. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, तोंड हलवायचं — की आवाज येतो. सपाट, घुंई करणारा, पण येतो. डॉक्टरांनी मागे लागून घ्यायला लावलेलं. ह्यांनी घरी एकदाच लावलं. शेजारची सान्वी घाबरून पळत सुटली. तेव्हापासून कपाटात.

म्हटलं, "अहो, बाकी जगाचं सोडा. माझ्याशी तरी बोला."

मान हलवली. नाही.

नवरा जिवंत आहे, समोर बसून वरणभात खातोय, आणि मला त्याच्या आवाजाची आठवण येते. हे कोणाला सांगायचं? लोक म्हणतील, वाचला ते काय कमी आहे!

९ नोव्हेंबर, रविवार

घर पेटता पेटता वाचलं!

कोणा शहाण्याची पॉवर बँक फुगली होती. त्याने काय करावं? टाचणीने भोक पाडलं! हवा काढली की बसेल म्हणे. टायर आहे का तो? आणि भोक पाडल्याचं सांगितलंही नाही. ह्यांनी झाकण उघडलं, तसा भसकन धूर.

मी स्वयंपाकघरात. वाटणाचा मिक्सर चालू. ह्यांनी टाळ्या वाजवल्या, पाय आपटले, पत्र्याच्या डब्यावर पक्कड बडवली. मला वाटलं, वरच्यांचं काहीतरी ठोकाठोकीचं काम चाललंय. वास आला तेव्हा धावले. तोवर ह्यांनी ती जळती वस्तू चिमट्याने उचलून वाळूच्या बादलीत टाकलेली. मनगटापर्यंत फोड.

मलम लावताना रडायला हवं होतं. मी ओरडले. "हाक मारता येत नाही, तर आग कशाला घेऊन बसता घरात? मशीन लावायचं नसेल तर उद्यापासून एकही पॉवर बँक ह्या दारातून आत येणार नाही!"

दुसऱ्या हाताने टेबलावरचे स्क्रू डबीत भरायला लागले. ते टेबल गेलं तर ह्या माणसाकडे काय उरतं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी बोलले. भीती इतकी वाटली ना, की जीभ थांबेचना.

१० नोव्हेंबर

रिकामी पिशवी घेऊन आले. ह्यांनी पिशवीकडे बघितलं. मग खिडकीबाहेर.

११ नोव्हेंबर

तेच.

१३ नोव्हेंबर

ऑफिसातला सर्वेश आला पॉवर बँक घेऊन. म्हटलं, "आता नाही घेत आम्ही."

"अहो ताई, पण काकांनीच सांगितलं ना, फोनवर. चार्जिंगची पिन सैल झाली असेल म्हणाले."

"मेसेज केला असेल."

"नाही हो, बोलले! जरा रोबोटसारखं येतं, पण कळतं सगळं. फक्त एक सांगा — फोन ठेवताना मला दगडा का म्हणतात? वर विचारतात, काय ऐकू आलं. मी म्हटलं, दगडा. तर परत तेच, दगडा!"

तो हसत होता. माझं दूध उतू गेलं गॅसवर.

म्हणजे हे बोलतात. गिऱ्हाइकांशी बोलतात, त्यांना शिव्यासुद्धा देतात! मी कामावर असताना सगळ्या जगाशी गप्पा, आणि मी दारात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. मी काय परकी? ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकड्यावर कोण बसलेलं?

रात्री ताट आदळलं त्यांच्यापुढे. विचारलं मात्र काही नाही. विचारलं असतं तर रडले असते.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाजी घेऊन जिना चढत होते. आतून घुंई घुंई आवाज. दाराशीच थांबले. फोन स्पीकरवर होता, कोणी सोनल म्हणून बाई, कल्याणच्या. पॉवर बँकेचं बोलणं संपलं, तसं हे म्हणाले, "आदा सांगा, गाय ऐगू आलं?" आणि एक शब्द.

"दगडा," सोनलबाई म्हणाल्या. "नाही, थांबा... दगदा? काका, म्हणायचंय काय तुम्हाला?"

"बायगोजं नाव."

बायकोचं. म्हणजे माझं. दक्षता!

क चा ग होतो त्या मशीनमधून, त चा द. छातीतला श्वास तोंडापर्यंत पोचतच नाही ना आता. आणि माझ्या आईबापांना नाव ठेवायला नेमकं दक्षता सुचलं! मालन ठेवलं असतं तर पहिल्या दिवशीच निघालं असतं.

तशीच पिशवी घेऊन खाली उतरले. पार्किंगच्या कट्ट्यावर बसून रडले. मग एकदम हसू फुटलं — दगडा! वॉचमन बघत होता, बघू दे.

परत वर गेले ते चपला वाजवत. मशीन कपाटात गेलेलं. हे स्क्रू मोजल्यासारखं करत होते. म्हटलं, "उद्यापासून आणते पॉवर बँका. पण फुगलेली एकही नाही." हो म्हणून मान हलवली. त्यांच्या तोंडावर जरा रंग आला.

ऐकलं हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लाजेने कधीच बोलले नसते.

२० नोव्हेंबर

अजून नाही. मी मिक्सर लावत नाही आता. वाटण पाट्यावर करते. खांदे भरून येतात, पण घरात शांतता हवी.

२१ नोव्हेंबर

नाही.

२३ नोव्हेंबर

पोळ्या लाटत होते. मागून आलं —

"दगडा!"

मी ओ दिली.